जुबैल सोडण्याआधी

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

सौदीतलं जुबैल सोडून कायमचं खेडला यायचं म्हणतोस आणि लोटे एमआयडीसीत वेल्डर म्हणून पगार किती मागू, असं विचारतोस. आधी तिकडच्या आकड्याची फोड कर. मूळ पगार किती, ओव्हरटाइम किती? खोली-मेस कंपनीची असेल तर तीही धर. शिवाय रियाल १९८६पासून डॉलरला ३.७५ असा बांधलेला. रुपया घसरला की घरी जास्त पैसे येतात आणि आपल्याला वाटतं, हाताची किंमत वाढली! लोट्यात तोच आकडा धरून बसलास तर बसूनच राहशील.

पण मला खरी भीती उलटी आहे. माणूस सांगतो, "रिफायनरीत सिक्स-जी (तिरक्या धरलेल्या पाइपचं अवघड वेल्डिंग) मारत होतो." ठेकेदार कागद मागतो. कागद नसतो. मग ग्रिल-गेट करणाऱ्याच्या रोजावर उभं राहावं लागतं, आणि एकदा पत्करलेला रोज चार वर्कशॉपना कळतो.

म्हणून निघण्यापूर्वी वेल्डर क्वालिफिकेशनच्या, म्हणजे तुझ्या वेल्डिंग चाचणीच्या, रेकॉर्डची प्रत क्यूसीकडून (गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाकडून) मागून घे. वेल्डिंगची प्रोसेस (टिग वगैरे पद्धत), पोझिशन, जाडी सगळं त्यावर असतं. आपणहून कोणी हातात ठेवत नाही. अनुभवपत्रात नुसतं 'वेल्डर' नको, 'टिग, स्टेनलेस पाइप' असं लिहून घे. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेच्या नियमाने सहा महिने ती प्रोसेस केली नाहीस तर क्वालिफिकेशन संपतं. तेव्हा आल्या आल्या घराचं बांधकाम काढून वर्ष घालवू नकोस (सगळे तेच करतात). बॉयलरच्या कामाला मात्र सौदीचा कागद चालणार नाही, इथला आयबीआरचा (भारतीय बॉयलर नियमांखालचा) दाखला काढावाच लागेल.

आणि रागाच्या भरात राजीनामा देऊ नकोस. सौदी कायद्याने सेवासमाप्तीचे पैसे पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे अर्धा महिना, पुढे पूर्ण महिना असे मिळतात. स्वतःहून सोडलंस तर पाच ते दहा वर्षांच्या नोकरीवर त्यातले दोन तृतीयांशच. तुझी सात झाली आहेत. करार संपू दे. पुढे वाढवायचा नाही, हे मुदतीत लेखी कळव.

इथे आल्यावर टेस्ट पीस मारून दाखव, मग बोल. ठेकेदार रोजाचंच काढेल. तू इंच-डायाचा, म्हणजे जोडलेल्या पाइपच्या व्यासाच्या इंचांवर मिळणारा, दर विचार. एक्स-रेत ज्याचे जॉइंट रिपेअरला परत येत नाहीत, त्याला रोजापेक्षा त्यातच जास्त सुटतं.

तुझा,
काका