भौतिकशास्त्र सोडू का?

प्रश्न: बारावी सायन्सला आहे. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी द्यायचीय. जीवशास्त्र आवडतं, भौतिकशास्त्राची मात्र धडकी भरते. ते सोडून दिलं तर चालेल का, ताई?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर: नको गं बाळा! 90 मिनिटांत 100 प्रश्न. त्यात जीवशास्त्राचे 20, तसे भौतिकशास्त्राचेही 20. चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.

आणि वॉर्डात 31 वर्षं काढलेली बाई सांगतेय, हा विषय पुढेही सुटत नाही. सलाइनची बाटली उंच टांगतो ती द्रवाच्या दाबासाठीच. पेशंटला हलवताना बाटली खाली आली, की नळीत रक्त उलटं चढतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हात थरथरले होते माझे. बारावीच्या पुस्तकातला दुसराच धडा द्रवांचा आहे. आज रात्री तोच उघड.