वाचकांचे प्रश्न: मागितलेलं आणि मिळालेलं एकाच खोक्यात नको

या वेळी नॉन-ब्लॉकिंग आयओवर, म्हणजे डेटा नसेल तर थांबून न राहता लगेच परतणाऱ्या वाचण्या-लिहिण्यावर, एवढे प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच जागी येतात, सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) तयार आहे, म्हणजे आत्ता वाचता किंवा लिहिता येईल, ही गोष्ट कोडमध्ये मांडायची कशी. निवडक घेतलेत.

प्रश्न: मी शिकण्यासाठी म्हणून स्वतःची छोटी इव्हेंट लूप लायब्ररी लिहितोय, खाली ईपोल आहे, म्हणजे कोणते सॉकेट तयार आहेत ते सांगणारा लिनक्सचा सिस्टिम कॉल. रेडी नावाचा एक टाइप केलाय, आत एक पूर्णांक, त्यात रीडेबलचा एक बिट, रायटेबलचा एक, एररचा एक, हँगअपचा (समोरची बाजू बंद झाल्याचा) एक. सॉकेट रजिस्टर करताना हाच टाइप देतो आणि इव्हेंट आला की हाच परत मिळतो. मित्र म्हणतो दोन वेगळे टाइप कर. बिट तेच, नावं तीच, मग दोनदा कशाला लिहायचं?

मित्राचं ऐका. बिट तेच दिसतात म्हणून अर्थ तोच आहे असं नाही, एक आहे मागणी आणि दुसरं आहे उत्तर.

ही चूक जुनी आहे आणि तुमच्या आधी बऱ्याच मोठ्या लोकांनी केलीय त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये सिलेक्ट आला, त्यात तुम्ही डिस्क्रिप्टरचा (उघडलेल्या फाइल किंवा सॉकेटचा नंबर) संच देता आणि कर्नल त्याच संचावर लिहून उत्तर देतो, म्हणजे तुमची मागणी पुसली गेली, पुढच्या फेरीला परत भरा. सिलेक्ट वापरलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी संच परत भरायला विसरून एक संध्याकाळ घालवलेली असते. नंतर सिस्टिम फाइव्ह या दुसऱ्या युनिक्सवाल्यांनी पोल आणला त्यात प्रत्येक डिस्क्रिप्टरला दोन फील्ड दिले, इव्हेंट्स म्हणजे तुम्हाला काय हवंय आणि आरइव्हेंट्स म्हणजे काय झालंय. तुमचा मित्र जे सांगतोय ते तिथे तेव्हाच झालेलं. मग ईपोलमध्ये परत एकच स्ट्रक्ट दोन्हीकडे आला, फ्रीबीएसडी आणि मॅकवरच्या केक्यूमध्ये पण तसंच, पण ते सिस्टिम कॉलचं झालं, तुमच्या लायब्ररीने तोच वेडेपणा वर वापरणाऱ्यापर्यंत पोचवायची गरज नाही.

आता खरं दुखणं बघा. पोल आणि ईपोल दोन्हीत एरर आणि हँगअप हे बिट तुम्ही मागा किंवा मागू नका, ते येणारच, मागणीत लिहिलेत तरी कर्नलला फरक पडत नाही. तुमच्या टाइपमध्ये मात्र माणूस रजिस्टर करताना एररचा बिट काढून टाकू शकतो आणि त्याला वाटतं की आता एरर येणार नाहीत. आपण काहीतरी ठरवलं असं वाटायला लावणारा पण प्रत्यक्षात काहीच न ठरवणारा बिट, एपीआयमध्ये यापेक्षा वाईट काही नसतं. उलट्या बाजूनं एज-ट्रिगर (स्थिती बदलली तेव्हाच सांग) आणि वनशॉट (एकदाच सांग) हे बिट फक्त मागणीतच शोभतात, उत्तरात त्यांना अर्थ नाही. आणि पोलमधला नव्हॅल, म्हणजे हा डिस्क्रिप्टर उघडलेलाच नाही, हा फक्त उत्तरातच येतो.

रस्ट भाषेतल्या मिओ लायब्ररीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिच्या ०.६ आवृत्तीत तुमच्यासारखाच रेडी टाइप होता, दोन्हीकडे तोच, आणि युनिक्सपुरत्या हँगअप वगैरे बिटांसाठी शेजारी युनिक्सरेडी नावाचा वेगळा टाइप जोडलेला. २०२० मध्ये ०.७ आली त्यात रेडी गेला, मागणीसाठी इंटरेस्ट आला आणि उत्तरासाठी इव्हेंट, ज्यावर रीडेबल आहे का, रायटेबल आहे का, वाचायची बाजू बंद झाली का असे प्रश्न विचारायचे, आतले बिट थेट हातात येतच नाहीत. शिवाय इंटरेस्ट रिकामा असूच शकत नाही, रीड किंवा राइट काहीतरी मागावंच लागतं. मला हे पटतं. ‘मला काहीच नको’ म्हणायचं असेल तर डीरजिस्टर करा ना, शून्याचा बिटमास्क देऊन कशाला, ईपोलमध्ये तर शून्य दिलात तरी एरर आणि हँगअप येतच राहतात.

तर मागणीचा टाइप छोटा आणि कडक ठेवा, उत्तराचा टाइप बंद पेटीसारखा, त्याला फक्त प्रश्न विचारता येतील असा. सीमध्ये लिहीत असाल तर दोन वेगळे स्ट्रक्ट करा, नुसता टाइपडेफ नको, कारण टाइपडेफ केलेले दोन पूर्णांक कंपायलर आनंदानं एकमेकांत मिसळू देतो.

प्रश्न: चाइल्ड प्रोसेसचं आउटपुट पाइपमधून वाचतो, पोल वापरून. चाइल्ड संपली की माझा प्रोग्राम एक कोर शंभर टक्के खातो आणि तिथेच फिरत राहतो. पोल लगेच परत येतो पण पोलइन लागलेलाच नसतो. लिनक्स आहे. कर्नलचा बग का?

नाही हो, कर्नलला सोडा. आरइव्हेंट्स प्रिंट करून बघा, १६ दिसेल. पोलइन म्हणजे १, पोलआउट ४, पोलएरर ८, पोलहप (हँगअप) १६, पोलनव्हॅल ३२. लिनक्सवर पाइपची लिहिणारी बाजू बंद झाली आणि आत काही शिल्लक नसलं तर नुसता पोलहप येतो, पोलइन नाही. तुम्ही फक्त १ तपासताय, १६ कडे बघत नाही, म्हणून परत पोलला जाता, तो परत १६ देतो, आणि हे असंच.

यावर लोक घाईत दुसरी चूक करतात, हप दिसला की डिस्क्रिप्टर बंद. पाइपमध्ये डेटा शिल्लक असताना १७ येतो म्हणजे १ आणि १६ दोन्ही, तेव्हा बंद केलंत तर शेवटचे बाइट गेले. मग तक्रार येते की लॉगची शेवटची ओळ कधीकधी दिसत नाही, आणि ती कधीकधीच असल्यामुळे महिनाभर कोणाला सापडत नाही.

बरोबर उपाय म्हणजे हप किंवा एरर आला तरी ‘वाचून बघ’ असंच समजायचं. रीड करा, शून्य आलं की संपलं, एरर आली तर ती तुम्हाला रीडच नीट नाव घेऊन सांगेल. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर हेच करतो, एरर किंवा हँगअप आला की इन आणि आउट दोन्ही लागलेत असं धरतो आणि पुढचं हँडलरवर सोडतो. गो भाषेच्या रनटाइममध्ये पण हप किंवा एरर आला की वाचणारी आणि लिहिणारी दोन्ही गोरुटीन (गोचे हलके थ्रेड) जागी होतात. म्हणून वरच्या प्रश्नात जे म्हटलं, रीडेबल आहे का या फंक्शननं १ चा बिट लागलाय का एवढंच सांगू नये, आत्ता रीड केलं तर थांबावं न लागता काहीतरी उत्तर मिळेल का ते सांगावं. फाइल संपली हे उत्तरच आहे, एरर हेसुद्धा उत्तरच आहे.

टीसीपीत अजून एक भानगड, समोरच्यानं फक्त स्वतःची लिहायची बाजू बंद केली तर ते हप नाही, ते आरडीहप, किंमत ८१९२, लिनक्स २.६.१७ पासून आहे. आणि हा मात्र मागावा लागतो, हपसारखा आपोआप येत नाही. नावं एका माळेचे मणी वाटतात पण नियम वेगळे.

प्रश्न: सर्व्हरवर कोणीच जोडलेलं काही करत नसताना पण सीपीयू चढलेला असतो, रजिस्टर करताना सगळीकडे रीड आणि राइट दोन्ही देतोय, सोपं पडतं म्हणून.

लेव्हल-ट्रिगर्ड आहे ना? मग हेच होणार. सॉकेटचा पाठवायचा बफर बहुतेक वेळ रिकामाच असतो, म्हणजे ते बहुतेक वेळ रायटेबलच असतं, आणि लेव्हलमध्ये जोपर्यंत स्थिती खरी आहे तोपर्यंत कर्नल सांगतच राहणार. राइटची मागणी तेव्हाच जोडा जेव्हा राइटनं ईअगेन (आत्ता जमत नाही, नंतर बघ) दिला किंवा अर्धेच बाइट घेतले आणि तुमच्याकडे पाठवायचं उरलंय, उरलेलं गेलं की मागणी काढा. मी स्वतः माझ्या पहिल्या प्रॉक्सीत हे काढायला विसरलो होतो, आणि लॅपटॉपचा पंखा का ओरडतोय म्हणून दोन दिवस भलतीकडेच शोधत बसलो, चोर सोडून संन्याशाला फाशी.

एक अपवाद, नॉन-ब्लॉकिंग कनेक्ट. तिथे ईइनप्रोग्रेस (जोडणी अजून चालू आहे) आला की राइटचीच वाट बघायची, पण राइट लागला म्हणजे जोडणी झाली असं नाही, ती फसली तरी लागतो. गेटसॉकऑप्टनं एसओ-एररची (सॉकेटवर साठलेल्या एररची) किंमत विचारा, शून्य असेल तरच पुढे जा.

प्रश्न: एज-ट्रिगर्डवर गेलो तर वरचा त्रास जातो का? आणि कधीकधी रीडेबलचा इव्हेंट येतो पण रीड केल्यावर ईअगेन मिळतो, हे कसं काय?

दुसरं आधी. रेडीनेस ही सूचना आहे, वचन नाही. इव्हेंट आणि तुमचं रीड यांच्यात वेळ जातो, दुसऱ्या थ्रेडनं डेटा नेला असेल, किंवा पॅकेट आलं पण चेकसम (डेटा बिघडला का ते तपासणारा आकडा) चुकला म्हणून टाकून दिलं, लिनक्सच्या सिलेक्टच्या मॅन पेजमध्ये हेच उदाहरण दिलंय. म्हणून डिस्क्रिप्टर नॉन-ब्लॉकिंगच हवा, ‘रेडी सांगितलंय म्हणजे अडकणार नाही’ या भरवशावर ब्लॉकिंग सॉकेट वापरू नका. ईअगेन ही चूक नाही, ती रोजची गोष्ट आहे.

आता एज. हो, त्रास जातो, पण दुसरा येतो. एजमध्ये स्थिती बदलली तेव्हा कळतं, म्हणजे ईअगेन येईपर्यंत वाचत राहिला नाहीत तर उरलेल्या डेटाबद्दल परत कोणी सांगेलच असं नाही आणि कनेक्शन मुकाट्यानं लटकतं. गो हाच मार्ग घेतो, लिनक्सवर सॉकेट एकदाच इन, आउट, आरडीहप आणि एज असं सगळं मिळून रजिस्टर करतो आणि नंतर मागणी बदलायच्या फंदात पडत नाही.

मग रेडीनेस लक्षात ठेवायचं काम तुमच्याकडे येतं, आणि मला वाटतं खरी मजा इथे आहे. प्रत्येक सॉकेटमागे दोन फ्लॅग ठेवा, वाचता येईल आणि लिहिता येईल. इव्हेंट आला की फ्लॅग लावायचा, ईअगेन आला की आणि फक्त तेव्हाच काढायचा. रीड यशस्वी झालं म्हणून काढू नका, मागे अजून डेटा असू शकतो. सिंगल थ्रेडमध्ये एवढं पुरतं. अनेक थ्रेड असतील तर गंमत अशी होते की एका थ्रेडला ईअगेन मिळाला, तो फ्लॅग काढायला निघाला, तेवढ्यात नवा डेटा आला, दुसऱ्यानं फ्लॅग लावला, आणि पहिल्यानं तो नवा फ्लॅगच पुसला. इव्हेंट हरवला, आणि एज असल्यामुळे नवीन काही घडेपर्यंत तो परत येणार नाही. रस्टमधल्या टोकिओ लायब्ररीत यासाठी फ्लॅगबरोबर टिक नावाचा एक आकडा ठेवलाय, पुसताना बघतात की मी पाहिलेला टिक अजून तोच आहे का, बदलला असेल तर पुसत नाहीत. अ‍ॅटॉमिक पूर्णांकात फ्लॅग आणि टिक शेजारीशेजारी बसवले की एका कंपेअर-अँड-स्वॅपमध्ये (किंमत तीच असेल तरच बदल, एका झटक्यात) काम होतं.

प्रश्न: साध्या फाइलला ईपोलमध्ये टाकलं की ईपर्म (परवानगी नाही) येतो. परवानग्या तर ठीक आहेत.

परवानग्यांचा संबंध नाही. साध्या फाइलला ईपोल घेतच नाही, आणि पोलला विचाराल तर तो नेहमीच तयार म्हणेल, डिस्क कितीही हळू असली तरी. फाइलसाठी थ्रेड पूल, किंवा लिनक्स ५.१ पासूनचं आयओ-युरिंग, पण तिथे तयार आहे असा निरोप येत नाही, काम झालं असा येतो.

प्रश्न: आता मॅकसाठी केक्यू जोडतोय. ईपोलचे बिट केक्यूवर बसवताना काय सांभाळू?

बिट बसवायला जाऊच नका, प्रश्नांची फंक्शनं दोन्हीकडे वेगळी लिहा. केक्यू २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.१ बरोबर आला आणि त्याची मांडणी मुळातच निराळी आहे, रीड आणि राइट हे बिट नसून दोन स्वतंत्र फिल्टर आहेत, म्हणजे एकच सॉकेट एकाच फेरीत दोनदा येऊ शकतं, एकदा रीडसाठी आणि एकदा राइटसाठी. ‘एका सॉकेटचा एका फेरीत एकच इव्हेंट’ असं कुठे गृहीत धरलं असेल तर ते शोधा. हँगअपच्या जागी ईओएफचा झेंडा असतो, तो ज्या फिल्टरवर आला ती बाजू संपली, आणि सॉकेटची एरर असली तर ती एफफ्लॅग्समध्ये मिळते. वर डेटा फील्डमध्ये किती बाइट वाचायला आहेत तो आकडा पण येतो. ईपोलकडे हे नाही, त्यामुळे सगळ्यांना चालणाऱ्या एपीआयमध्ये हा आकडा आणू नका, मोह होईल.

आणि दोन्हीकडे लागू पडणारी एक गोष्ट. एका फेरीत समजा ६४ इव्हेंट आले, तिसरा हाताळताना तुम्ही दुसरंच एक कनेक्शन बंद केलं, त्याच डिस्क्रिप्टर नंबरवर लगेच नवं कनेक्शन आलं, आणि चाळिसावा इव्हेंट त्या जुन्याचा निघाला. नंबरवरून शोधलंत तर जुन्याचा निरोप नव्याला. ईपोलच्या डेटा फील्डमध्ये ६४ बिट आहेत, त्यात नुसता डिस्क्रिप्टर न ठेवता अर्ध्यात स्लॉटचा नंबर आणि अर्ध्यात पिढीचा आकडा ठेवा, स्लॉट रिकामा केला की पिढी एकनं वाढवा, जुळली नाही तर इव्हेंट सोडून द्या. केक्यूत यूडेटा फील्डमध्ये हेच करता येतं.