खिडकी क्रमांक तीन : पास काढावा की तिकीट?

प्रश्न : नमस्कार. तुमची ‘खिडकी’ नेमाने वाचतो. आम्ही दोघं (मी ६८, सौ. ६४) पहिल्यांदाच मुलीकडे, न्यू जर्सीत एडिसनला चाललो आहोत. साडेचार महिने मुक्काम. न्यूयॉर्क दाखवायला सगळ्यांचे मिळून पास काढून टाकू, असा जावयांचा आग्रह आहे. ‘एकदा पास घेतला की बाबा, पैसे वसूल’ म्हणतात. जाहिरातीतली टक्क्यांची बचत बघून मला उलट शंकाच येते. सौ.चे गुडघे दुखतात, नात पाच वर्षांची आहे. पास घ्यावा का? घेतला तर कसला?
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ‘वसूल’ म्हटलं की मला माझे अपडाउनवाले आठवतात. बडोदे-अहमदाबाद रोज जाणारा माणूस महिन्याचा पास काढतो, कारण त्याला जायचंच असतं. घरात पास पडून आहे म्हणून रविवारी उगाच अहमदाबादला जाऊन आलेला इसम मी छत्तीस वर्षांत खिडकीतून पाहिला नाही. परदेशातल्या ह्या पासांचं नेमकं उलटं होतं. पास घेतला म्हणून माणसं जातात. आम्हीही गेलो, तेव्हा आधी आमची फजिती ऐका.

मुलानं आम्हा दोघांसाठी तीन दिवसांचा पास आणला होता. पहिल्या दिवशी घरून निघता निघता दुपार झाली, आणि पहिल्या दारावर पास दाखवला तेव्हा साडेतीन वाजले होते. माझा आपला हिशोब असा, की आता परवा नव्हे तर तेरवा साडेतीनपर्यंत मोकळं रान. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या पासाचा दिवस म्हणजे कॅलेंडरचा दिवस. पहिला दिवस त्याच रात्री बाराला संपला होता. रेल्वेत जन्म घालवलेल्या माणसानं तिकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचू नये, ह्यापरती नाचक्की नाही. मग उरलेल्या दोन दिवसांत वसुली सुरू. तिसऱ्या दिवशी दुपारी मेणाच्या पुतळ्यांच्या दारात आमची ही बाकावर बसली आणि म्हणाली, “तुम्ही बघून या, मी पर्स सांभाळते.” आत जाऊन मी काय पाहिलं ते आज विचाराल तर सांगता यायचं नाही.

आता तुमचं. पासांचे प्रकार मुळात तीन. एकात दिवस मोजतात: दोन, तीन, पाच दिवसांत जमेल तेवढं पाहा. तो तुम्ही हातातसुद्धा धरू नका, तो विशीतल्या पायांसाठी आहे. दुसऱ्यात ठिकाणं मोजतात: तीन, चार, पाच, तुम्ही निवडाल ती, आणि मुदत सैल असते. तिसरा म्हणजे बांधलेलं गाठोडं. न्यूयॉर्कचा सिटीपास त्यातला. एम्पायर स्टेट आणि नॅचरल हिस्टरीचं म्युझियम ही दोन ठरलेली, शिवाय स्वातंत्र्यदेवीची बोट, ९/११चं म्युझियम, रॉकफेलरची गच्ची, इंट्रेपिड जहाज वगैरेंतली तीन तुमच्या पसंतीची. पहिल्यांदा वापरल्यापासून सलग नऊ दिवस चालतो.

ह्या नऊ दिवसांत एक गंमत आहे. मुलगी-जावई नोकरीवाले, म्हणजे तुमचं फिरणं शनिवार-रविवारी. पास शनिवारी सुरू केलात तर नववा दिवस पुढचा रविवार येतो. दोन शनिवार, दोन रविवार, मध्ये पाच दिवस गुडघ्यांना सुट्टी. सोमवारी सुरू केलात तर त्याच नऊ दिवसांत एकच शनिवार-रविवार पदरात पडेल. जावयांना एवढं नक्की सांगा.

पण त्याआधी कागद घेऊन बेरीज करा, आणि ती तुमच्या वयाच्या दरानं करा. जाहिरातीतली बचत प्रौढांच्या पूर्ण तिकिटाशी ताडून काढलेली असते. एम्पायर स्टेटला आणि देवीच्या बोटीला ६२ वर्षांवरच्यांचं तिकीट वेगळं, कमी दराचं आहे, म्हणजे तुम्ही दोघंही त्यात बसता. सिटीपासात मात्र मोठे आणि लहान एवढेच दोन भाव, म्हातारे धरलेलेच नाहीत. लहान म्हणजे सहा वर्षांपासून पुढे. तुमच्या नातीला एम्पायर स्टेटचं तिकीटच लागत नाही, बोटीचं लागेल, कारण तिथे चारपासून आकारतात. प्रत्येक दाराचं वय निराळं. मुलीचा पत्ता न्यू जर्सीचा, त्यामुळे नॅचरल हिस्टरीच्या म्युझियमात पत्त्याचा पुरावा दाखवून ती आणि जावई मनाला येईल तेवढे पैसे देऊन आत जाऊ शकतात. तेव्हा ‘सगळ्यांचे मिळून पास’ हा विचार तर सोडूनच द्या. दर वरचेवर बदलतात, म्हणून आकडे मी देत नाही. जायच्या आठवड्यात मुलीला प्रत्येक ठिकाणाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघायला सांगा, पास विकणाऱ्याच्या नव्हे.

काय पाहावं, तर माझं मत असं. उंचावरून शहर एकदाच बघायचं. एम्पायर स्टेटच्या ८६व्या मजल्यावरून सगळं दिसतं, फक्त एम्पायर स्टेट दिसत नाही. ती इमारत समोर हवी असेल तर रॉकफेलरची गच्ची. दोन्हीकडे जाणं म्हणजे पावागड चढून उतरायचं आणि संध्याकाळी परत चढायचं.

नॅचरल हिस्टरीच्या म्युझियमात समुद्रजीवांच्या दालनात छताला ९४ फुटांचा निळा देवमासा टांगलाय. त्याच्याखाली लोक बिनधास्त जमिनीवर पसरून वर बघत असतात, तुम्हीही पसरा, कोणी काही म्हणत नाही. आमची ही खाली बसली, खूप वेळ बघितलं, मग विचारलं, “कशाचा आहे हो?” मी पाटी वाचून सांगितलं, फायबरग्लासचा. “मग आपल्या कमाटीबागेतला बरा. सांगाडा का होईना, खरा आहे.” तिथून पुढे प्रत्येक दालनात बडोद्याच्या म्युझियमशी तुलना झाली आणि ममीच्या बाबतीतही आपणच जिंकलो, कारण तिथे ती आम्हाला कुठे दिसली नाही.

स्वातंत्र्यदेवीसाठी बहुतेक लोक मॅनहॅटनच्या टोकाला, बॅटरी पार्कला जाऊन रांग लावतात. तुम्ही न्यू जर्सीत आहात. जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कातूनही बोट सुटते, आणि माझ्या अनुभवात गर्दी निम्मीही नव्हती. बुकिंग करताना धक्का निवडावा लागतो, पास घेणार असाल तर तो त्या धक्क्यावर चालतो ना, ते आधी बघा. मोटारीनं जा. लाइट रेलच्या स्टेशनापासून धक्का मैलाहून लांब आहे, ते गुडघ्यांचं काम नाही.

आणि तिकीट कुठे मिळतं म्हणता? एका जुन्या रेल्वे स्टेशनात. सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीचं टर्मिनस, १८८९चं बांधकाम. एलिस बेटावर १८९२ ते १९५४ ह्या काळात सुमारे एक कोटी वीस लाख माणसं देशांतर करून उतरली, त्यातली कित्येक बोटीनं इथे येऊन पुढची गाडी धरायची. १९६७मध्ये इथली शेवटची गाडी सुटली. दर्शनी इमारत नीट केलीय, मागची फलाटांची शेड तशीच पडलीय. कुंपणातून बघितलं तर रुळांच्या जागी झाडं वाढलेली, आणि इकडे गावांच्या नावांचे फलक अजून टांगलेले. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. तिकीट देणाऱ्या बाईंना मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की मीही तुमच्याच धंद्यातला, बडोद्याचा. त्या हसल्या, मान डोलावली आणि मागच्याला पुढे बोलावलं. बरोबरच आहे. रांग मोठी असली की मीही तेच करायचो.

बोटीच्या तिकिटात देवीचं बेट, एलिस बेट आणि तिथली म्युझियमं येतात. देवीची जुनी, अस्सल मशाल ठेवलीय ते म्युझियम चुकवू नका. मुकुटात चढायचं तिकीट वेगळं, आणि चौथऱ्याच्या वर १६२ पायऱ्यांचा अरुंद जिना आहे. वहिनींना खाली बाकावर बसवा आणि तुम्हीही शेजारी बसा.

फुकटचंही भरपूर आहे आणि ते कुठल्याच पासात नसतं, साहजिक आहे. स्टेटन आयलंडची नारिंगी बोट चोवीस तास चालते, तिकीट नाही. जाताना उजव्या बाजूला उभे राहा, देवी दिसते. पंचवीसेक मिनिटांत पलीकडे, तिथे सगळ्यांना उतरावंच लागतं, मग परतीच्या बोटीत चढायचं. गळ्यात ओळखपत्र अडकवून धक्क्याजवळ कोणी तुम्हाला ह्या बोटीचं तिकीट विकायला आलं तर रावपुऱ्यातल्या माणसासारखं न ऐकल्यागत पुढे चाला. ९/११चं म्युझियम तिकिटाचं आहे, पण बाहेरचे दोन पाण्याचे चौक सर्वांना मोकळे आहेत. कठड्याच्या कांस्यावर गेलेल्या २,९८३ माणसांची नावं कोरलीत. एका नावाच्या अक्षरांत पांढरा गुलाब खोचलेला दिसला. ज्याचा त्या दिवशी वाढदिवस असतो त्याच्या नावावर तो ठेवतात. आमच्या हिनं ते नाव वाचलं, आपलं नव्हतं, तरी हात जोडले.

भुयारी रेल्वेत मात्र खरी पासाची चाल आहे. प्रत्येकानं आपापलं एकच कार्ड दारावर टेकवत राहायचं, सात दिवसांत ठरावीक रक्कम झाली की त्यापुढे पैसे कापत नाहीत. कार्डं घरी अदलाबदली केलीत की हिशोब गेला. पुष्कळ स्टेशनांना लिफ्ट नाही, म्हणून जमेल तिथे बस घ्या. ती थांब्यावर दाराच्या बाजूनं खाली झुकते, वहिनींना पाऊल उचलावं लागणार नाही. एडिसनहून न्यूयॉर्कच्या गाडीत ६२ वर्षांवरच्यांना, परदेशी असलात तरी, सवलत मिळते. वयाचा फोटोसहित पुरावा जवळ ठेवा. आपल्याकडे ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०पासून बंद आहे. ह्यावर मी जास्त बोलत नाही, मला निवृत्तिवेतन तिथूनच येतं.

तेव्हा तुम्हाला पास नको. चार महिने हातात असताना नऊ दिवसांत गाठोडं सोडवायची घाई कशाला? म्युझियमचा एक दिवस, बोटीचा एक, गच्चीचा एक, तिन्हीची ज्येष्ठांची तिकिटं सुटी काढा. जावयांचा फारच आग्रह असेल तर वाचलेल्या पैशांत त्यांना इथून लिलो चिवडा जास्तीचा घेऊन जा.

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी सप्टेंबरात पॅरिसला चार दिवस जातोय. सगळ्या साठीच्या आतबाहेर, पण चालायला खमक्या. पॅरिस म्युझियम पास घ्यायचा म्हणतो. घ्यावा ना?
एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : घ्या. रोज दोन म्युझियमं बघायचा दम आणि हौस दोन्ही असतील तर हा पास उपयोगाचा आहे. हा तासांवर चालतो: ४८, ९६ किंवा १४४. म्हणजे दुपारी तीनला सुरू केलात तर दुसऱ्या दिवशीच्या तीनला चोवीस तास होतात, माझ्यासारखी फसगत नाही. मात्र पास असला तरी लुव्रची वेळ वेगळी राखून ठेवावी लागते. सेंट शापेलचंही तसंच. ते इथूनच उरकून निघा. लुव्र मंगळवारी बंद, ओर्से आणि व्हर्साय सोमवारी बंद. ओर्से महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना फुकट, त्या दिवशी त्यावर पासाचे तास घालवू नका. आयफेल मनोरा ह्या पासात नाही, हे तिथे जाऊन कळणारे बरेच असतात. नोत्र दामला प्रवेशशुल्क नाही, कोणी मागितलं तर देऊ नका. आर्क द त्रिओंफवर पास चालतो, पायऱ्या २८४. खमक्या म्हणालात म्हणून सांगितलं.

प्रश्न : मी महूचा. ऑफिसच्या कामानं न्यूयॉर्कला आठ दिवस जातोय, पुढे दोन दिवस लंडन. बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ बघायचं आहे. कुठल्या पासात येतं का?
एक वाचक, महू (इंदूरजवळ)

उत्तर : कुठल्याच नाही. भुयारी रेल्वेची १ नंबरची गाडी, ११६व्या रस्त्याचं स्टेशन, बाहेर पडलात की समोर विद्यापीठ. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, १९१३मध्ये बाबासाहेब तिथे दाखल झाले. लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. मात्र अलीकडे आवाराची दारं बाहेरच्यांना सरसकट उघडी नसतात. जाण्याआधी पाहुण्यांच्या प्रवेशाचे नियम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघा, ओळखीचा विद्यार्थी किंवा प्राध्यापक असेल तर उत्तम. नाहीच जमलं तर फाटकाबाहेरून बघावं लागेल, मनाची तयारी असू द्या. लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड हे त्यांचं राहतं घर आता संग्रहालय आहे आणि प्रवेश मोफत आहे.

महूहून बडोदं काही लांब नाही, सवडीनं इकडेही या. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७मध्ये ह्याच शहरात कोणी खोली दिली नाही. पारशी सराईत नाव लपवून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. मग कमाटीबागेत झाडाखाली बसून राहिले. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. स्टेशनात उतरलात की चालत पंधरा मिनिटं.