आजोबांची मॉझर रायफल: पॉलिश पेपर खाली ठेवा, आधी नंबर वाचा

आजोबांच्या मागे तुमच्याकडे एक बोल्टची रायफल आली आहे (बोल्ट म्हणजे हाताने मागेपुढे करायचा धातूचा दांडा). रिसीव्हरवर, म्हणजे नळी आणि बोल्ट बसतात त्या धातूच्या मुख्य भागावर, बी, वाय, एफ ही तीन छोटी रोमन अक्षरं आणि खाली ४३. बोल्टच्या मुळाशी खरवडून लिहिल्यासारखा नंबर, लाकडावर लालसर चकचकीत थर. घरात सांगितलं जातं की दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शरण आलेल्या सैनिकाकडून ती आजोबांनी घेतली. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ही कोणती, किंमत किती, आणि घासून चकाचक केली तर भाव वाढेल का. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई झाली तर पहिल्या दोन प्रश्नांना अर्थच उरणार नाही. घासू नका. सँडपेपर, तारेचा ब्रश, वॉर्निश, बाटलीतलं ब्लूइंग (लोखंड काळं करायचं रसायन), काहीही नको. संग्राहक पैसे मोजतो ते कारखान्यातून किंवा लष्कराच्या डेपोतून निघाली त्या अवस्थेचे. ती अवस्था एकदा गेली की कुठल्याही कारागिराला परत आणता येत नाही.

त्याहीआधी दोन कामं. वारसाने वस्तू मिळाली म्हणजे ती बाळगायचा परवाना मिळाला असं बहुतेक देशांत होत नाही. तुमच्याकडचा नियम परवाना अधिकाऱ्याकडून किंवा वकिलाकडून विचारून घ्या, आणि तोवर रायफल गाडीत टाकून कुणाला दाखवायला नेऊ नका. दुसरं, ती रिकामी आहे याची खात्री करा. नळी सुरक्षित दिशेला धरून बोल्ट पूर्ण मागे ओढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिनमध्ये (काडतुसं साठतात तो कप्पा) उजेड पाडून बघा, करंगळी घालून चाचपा. या रायफलीच्या पोटात पाच काडतुसं बसतात आणि बाहेरून ती दिसत नाहीत. मॅगझिन रिकामं असेल तर आतली वर येणारी पट्टी बोल्टला पुढे जाऊ देत नाही. हा बिघाड नाही, तिची रचनाच तशी आहे. जोर लावू नका. पट्टी बोटाने खाली दाबली की बोल्ट सरकतो.

आता ओळख. बीवायएफ हा जर्मनीतल्या ओबर्नडोर्फच्या मॉझर कारखान्याचा युद्धकाळातला सांकेतिक शिक्का आणि ४३ म्हणजे १९४३. रिसीव्हरच्या डाव्या बाजूला 'मॉड. ९८' असं असेल तर ही काराबिनर ९८के, म्हणजे १९३५ मध्ये स्वीकारलेली जर्मन सैन्याची मुख्य रायफल. काडतूस ७.९२ × ५७ मिलिमीटर. याच कारखान्याचा आधीचा शिक्का एस/४२ होता, मग नुसता ४२, आणि अगदी शेवटी एसव्हीडब्ल्यू. हीच रायफल बनवणाऱ्या इतर कारखान्यांचे शिक्के: श्टायरचा बीएनझेड, सावरचा सीई, ब्रनोचा डीओटी. अशा रायफली एक कोटीहून जास्त बनल्या, त्यामुळे 'ऐंशी वर्षं जुनी' एवढ्यावर किंमत उभी राहत नाही.

नंबर छोटा आहे म्हणजे रायफल सुरुवातीची, हा समजही सोडा. प्रत्येक कारखाना दरवर्षी एकपासून मोजायला लागायचा आणि दहा हजारांच्या आसपास पोचला की नंबरामागे ए, मग बी, अशी अक्षरं जोडून पुन्हा सुरुवात करायचा. नंबर, त्यामागचं अक्षर, कारखाना आणि वर्ष हे चारही मिळून एक रायफल ओळखता येते. अक्षर छोटं आणि अस्पष्ट असतं, लोक ते टिपायला विसरतात. तुम्ही विसरू नका.

खरी किंमत ठरते ती नंबर जुळण्यावर. कारखान्यातून निघताना रिसीव्हर, नळी, बोल्ट, बोल्टवरचे छोटे भाग, ट्रिगर गार्ड, मॅगझिनचं तळ, नळीवरची कडी, मागच्या साइटची (नेम धरायच्या खुणेची) पट्टी, लाकूड, या सगळ्यांवर तोच नंबर किंवा त्याचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असत. युद्ध लांबत गेलं तसे छोट्या भागांवरचे नंबर कमी होत गेले, म्हणून १९४५ च्या रायफलीवर ते कमी दिसले तर घाबरायचं कारण नाही. १९४३ च्या रायफलीवर मात्र बरेच मिळायला हवेत. एकेक भाग बघा आणि कागदावर उतरवा, जुळो न जुळो. यासाठी रायफल खोलू नका. चुकीच्या पेचकसाने खाच सोललेला एक स्क्रू अनुभवी गिऱ्हाइकाला लगेच दिसतो, आणि इथे आणखी कुणी काय काय उपद्व्याप केले असतील असा विचार त्याच्या मनात येतो.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त सांगून गेला तो खरवडलेला नंबर. जर्मन कारखान्यात नंबर पंचाने ठोकले जात, अक्षरं स्वच्छ आणि एकसारखी. विजेच्या पेन्सिलीने लिहिलेला थरथरता आकडा नंतरच्या डेपोतला असतो. सोव्हिएत सैन्याच्या हाती अशा लाखो रायफली लागल्या. त्यांनी त्या सुट्या केल्या, भाग एकत्र साफ करून पुन्हा काळे केले, हाताला लागेल तो बोल्ट बसवला आणि त्यावर रिसीव्हरचा नंबर लिहून टाकला. लाकडाला शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, थर दिला. तुम्ही म्हणता तो लालसर चकचकीतपणा तोच असावा. आता तीन गोष्टी बघा. रिसीव्हरच्या डाव्या बाजूला एक्स किंवा फुलीसारखी खूण आहे का? गरुडाच्या शिक्क्यातलं स्वस्तिक ठोकून पुसलंय का? लाकडातली साफसफाईची सळई गायब आहे का? हे जमून आलं तर ही सोव्हिएत डेपोतून गेलेली रायफल आहे. मोसिन-नागांत या रशियन रायफलीवरही हेच डेपोचं काम दिसतं, तोच शेलॅक आणि तेच खरवडलेले नंबर.

तसं असेल तर घरातली गोष्ट अवघड होते, आणि हे मी हलक्या मनाने लिहीत नाही. अशा रायफली बाहेरच्या बाजारात मोठ्या संख्येने आल्या त्या सोव्हिएत संघ फुटल्यानंतर. आजोबांनी १९४५ मध्ये हातातून घेतलेल्या रायफलीवर या खुणा असायचं कारण नाही. आजोबा खोटं बोलले असा याचा अर्थ होत नाही. त्यांनी तेव्हाची रायफल कुणाला दिली असेल आणि पुढे तशीच एक विकत घेतली असेल. पिढी बदलली की दोन वस्तूंच्या आठवणी एकीत मिसळतात. सैनिकांनी थेट घरी आणलेल्या रायफलींची खूण वेगळी असते. पुष्कळांनी ती पिशवीत मावावी म्हणून पुढचं लाकूड नळीवरच्या कड्याखाली करवतीने कापलं आणि घरी आल्यावर पुन्हा जोडलं. म्हणून कडं किंचित सरकतं का ते बघा. खाली कापल्याची रेघ दिसली, एक्स नसला आणि बोल्टवरचा नंबर पंचाचा निघाला, तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. रायफल घरी नेण्याच्या परवानगीचा तेव्हाचा एखादा कागद मिळाला तर किंमत आणखी वाढते. आजोबांच्या पेट्या, वह्या, पाकिटं शोधा, जुना कागद टाकू नका.

हे वाचणाऱ्या कुणाकडे दुसरी रायफल असेल तर थोडक्यात: ब्रिटिश ली-एनफिल्डचे मुख्य शिक्के बटाच्या (खांद्याला टेकतो तो लाकडी भाग) मुळाशी असलेल्या लोखंडी पट्ट्यावर उजवीकडे असतात, मुकुट, कारखाना, वर्ष. 'डीपी' शिक्का असेल तर ती कवायतीची, गोळी झाडायची नाही. जपानी अरिसाकावर शेवंतीच्या फुलाचा राजचिन्हाचा शिक्का घासलेला नसेल तर मोल जास्त. स्विस के३१ च्या बटाची मागची पट्टी काढली तर आत बऱ्याचदा मूळ सैनिकाच्या नावाची चिठ्ठी मिळते. अमेरिकन स्प्रिंगफील्ड १९०३ चा नंबर ८ लाखांच्या आत असेल तर ती झाडूच नका. त्या काळच्या तापप्रक्रियेने काही रिसीव्हर ठिसूळ झाले होते.

तुमची रायफलही तज्ज्ञ बंदूक कारागिराने गेजने हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसाला मिळणारी जागा, तपासल्याशिवाय झाडू नका. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर तो या चेंबरला नीट बसतो की नाही हे डोळ्याने कळत नाही. काही ९८के इस्रायलमध्ये नवीन नळी बसवून ७.६२ नाटो काडतुसासाठी बदलल्या गेल्या, म्हणून 'मॉझर म्हणजे ७.९२' असंही धरून चालू नका. नळीत मात्र जरूर बघा. आतले पिळदार आटे तीक्ष्ण असतील तर भाव टिकतो, काळे खड्डे असतील तर उतरतो. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधून (बुडाशी असलेली ठिणगीची टोपी) क्षार उरतात, ते ओल धरतात, आणि पाण्याने धुतले नाहीत तर तेल लावूनही नळी गंजते.

किमतीबद्दल सरळ सांगतो. सगळे नंबर जुळणारी, कुणी हात न लावलेली ९८के सगळ्यात वर. जुळत नसली तरी मूळ रूपात थेट घरी आलेली त्याखाली. सोव्हिएत डेपोतली त्याच्याही खाली, पण तिला मागणी कायम असते. लाकूड कापून, नळी आखडून शिकारीची केलेली सगळ्यात तळाला. लिलावघरांचे पूर्ण झालेल्या विक्रीचे जुने आकडे शोधा. विक्रेत्याने लिहिलेला भाव ही त्याची इच्छा असते, मिळालेला भाव वेगळा. तुलना त्याच गटातल्या रायफलीशी करा आणि लिलावघराचं कमिशन वजा धरा. जो स्वतः विकत घेणार आहे त्याच्याकडून मूल्यांकन करून घेऊ नका. विम्यासाठी लिहून दिलेला आकडा आणि हातात पडणारा पैसा यांत बरीच तफावत असते, म्हणून मागतानाच कशासाठी हवा ते सांगा.

तोवर लोखंडावर हलकं तेल लावलेलं मऊ कापड फिरवा, लाकूड कोरड्या फडक्याने पुसा आणि रायफल बंद फोमच्या पेटीत ठेवू नका, तो ओल धरतो. मला फोटो हवेत ते असे: रिसीव्हरची वरची आणि डावी बाजू, बोल्टचं मूळ, पुढच्या कड्याखालचं लाकूड, आणि बटाची दोन्ही अंगं. दिवसाच्या तिरप्या उजेडात काढा, फ्लॅश नको, त्याने उथळ शिक्के पुसट होतात.