एकाच रक्ताचा आयएल-६ (इंटरल्युकिन-६, शरीरातली सूज-दाह दाखवणारं प्रथिन) दोन लॅबमध्ये वेगळा आला, कोणती लॅब चुकली?

बहुतेक वेळा कोणतीच नाही. फरक अनेकदा मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच पडतो. रक्ताची नळी तासन्‌तास तशीच पडून राहिली तर पेशी नळीतच आयएल-६ सोडू शकतात आणि आकडा फुगतो. म्हणून रक्त कधी काढलं आणि सेंट्रिफ्यूज कधी केलं (नळी वेगाने फिरवून पेशी वेगळ्या कधी केल्या), हे आधी विचारा.

दुसरं कारण किट, म्हणजे तपासणीचा तयार संच. प्रत्येक कंपनीच्या अँटिबॉडी (आयएल-६ ला चिकटणारी प्रथिनं) वेगळ्या, त्या आयएल-६ च्या रेणूचा वेगवेगळा भाग पकडतात. जागतिक आरोग्य संघटनेचं आयएल-६ साठी आंतरराष्ट्रीय प्रमाणद्रव्य (ज्याच्याशी मोजमाप जुळवायचं तो ठरलेला नमुना) आहे, तरीही सगळ्या किटचे आकडे जुळतातच असं नाही.

रोज कंट्रोल (ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असा नमुना) लावतात ना? लावतात, पण त्यातून कळतं ते एवढंच की लॅब कालच्यासारखीच चालली आहे. इतरांशी जुळते का, हे कळायला बाह्य गुणवत्ता तपासणी लागते: एकच नमुना अनेक लॅबना जातो आणि तीच पद्धत वापरणाऱ्यांशी निकाल ताडतात. लॅब यात भाग घेते का, हे विचारायला अजिबात संकोचू नका.

एएनएचंही (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी तपासणी) तसंच. तो बऱ्याच ठिकाणी अजून मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी वाचतात, त्यामुळे १:८० आणि १:१६० (रक्तद्रव किती पट पातळ केलं तरी चाचणी पॉझिटिव्ह येते, ते प्रमाण) हा एका पायरीचा फरक सहसा बदल धरत नाहीत.

पुढच्या तपासण्या एकाच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा.