वाचकांचे प्रश्न : ट्रक दुसऱ्याचा, बिल्टी आपली

प्रश्न : माझा स्वतःचा ट्रक नाही. कंपन्यांचा माल घेऊन बाजारातली गाडी लावतो, बिल्टी (माल वाहतुकीला घेतल्याची पावती) माझ्या नावाची फाडतो. गाडीचा विमा चालू आहे ना, एवढं पाहतो. पुरेसं आहे का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : नाही. गाडीचा थर्ड पार्टी विमा रस्त्यावरच्या माणसांसाठी आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी असतो. पॅकेज पॉलिसी असली तर गाडीची मोडतोडही भरून मिळते, पण आतला माल दोन्हीत येत नाही. मालाची जबाबदारी बिल्टीवर ज्याचं नाव, त्याची. १ मार्च २०११ पासून लागू असलेल्या कॅरेज बाय रोड कायद्यात बुकिंग कंपनी, एजंट आणि ब्रोकरही ‘कॉमन कॅरियर’ म्हणजे भाडं घेऊन लोकांचा माल वाहून नेणारे ठरतात. तेव्हा आधी परिवहन खात्याकडे नोंदणी करा. प्रमाणपत्र १० वर्षं चालतं.

भरपाईला मर्यादा आहे : भाड्याच्या दहापट, आणि पाठवणाऱ्याने लिहून दिलेल्या किमतीच्या आत. समजा भाडं ३०,००० रुपये आणि माल १४ लाखांचा. ताडपत्री फाटून खोकी भिजली, तर ३ लाखांपर्यंत. पण पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा दर (जास्त जबाबदारीसाठीचं वाढीव भाडं) भरला असेल तर ही मर्यादा राहत नाही. तो दर घेतला की नाही, हे बिल्टीवर स्पष्ट लिहा. गाडीवाल्याने मालच लंपास केला, तर दहापटीच्या आड लपता येईल असं समजू नका.

बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’चा (जोखीम मालधन्याची) शिक्का मारला की आपण सुटलो, ही समजूत फार महागात पडते. निष्काळजीपणा झाला असेल तर तो शिक्का कोर्टात टिकत नाही. मालधन्याने स्वतःचा ट्रान्झिट विमा (वाटेतल्या मालाचा विमा) काढलाय म्हणूनही निर्धास्त राहू नका. विमा कंपनी त्याला पैसे देते आणि मग तेच वसूल करायला तुमच्या दारात येते.

तुम्हाला हवी ती कॅरियर्स लीगल लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे वाहतूकदारावर येणारी मालाची भरपाई उचलणारा विमा. सही करण्याआधी तीन ओळी शोधा : भाड्याने लावलेल्या गाड्या धरल्या आहेत का, एका अपघाताची मर्यादा तुमच्या सर्वांत महाग खेपेला पुरते का, आणि रात्री ढाब्यावर बिनराखणीची उभी गाडी वगळली आहे का. पहिली ओळ नसेल तर तुमच्यासाठी ती पॉलिसी कागदाचा तुकडाच आहे.

कोर्टात दावा लावण्याआधी मालधन्याने बुकिंगपासून १८० दिवसांत तुम्हाला लेखी नोटीस द्यावी लागते. तोवर बिल्टीची प्रत, पोचपावती आणि गाडीचे कागद फायलीतून हलवू नका.

प्रश्न : ड्रायव्हर वाटेत केबिनमध्ये लोक बसवतो. अपघात झाला तर विमा मिळेल का? (ट्रकमालक, सोलापूर)

उत्तर : मालासोबत जाणारा मालधनी किंवा त्याचा माणूस विम्यात येतो. पैसे देऊन किंवा फुकट बसलेला प्रवासी येत नाही, त्याची भरपाई तुमच्या खिशातून जाते. ड्रायव्हरचा परवाना त्या गाडीला चालणारा नसेल, तर विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावून नंतर ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा कोर्ट देतं. म्हणून परवान्याची तारीख आणि वर्ग दोन्ही तपासा, नुसती झेरॉक्स ठेवून भागत नाही.