चाकणच्या एका कंपनीत ऑफर आहे, एचआर म्हणते 'वर्क कल्चर मस्त आहे'. जॉइन होऊ का?

एचआर दुसरं काय सांगणार? तिचा पगारच त्यासाठी आहे.

मी भोसरीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका व्हेंडरकडे क्वालिटीत होतो. नाव सांगत नाही. भोसरीत सुट्टी गुरुवारची. महिनाअखेर आली की बुधवारी संध्याकाळी सुपरवायझर हळूच म्हणायचा, "उद्या या, डिस्पॅच अडकलंय." गुरुवारी यावं तर हजेरीच्या पंचिंग मशीनवर पुठ्ठा चिकटवलेला आणि शेजारी टेबलावर शंभर पानी वही. नाव, वेळ तिच्यात लिहायचं, तेही पेन्सिलने! मोबदल्यात कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, तोसुद्धा "लोड कमी झाला की बघू".

शेवटी प्लांट हेडना तोंडावर विचारलं. आठवड्याचे 48 तास बुधवारीच भरतात, तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम 59 वरच्या तासांना दुप्पट दर द्या म्हणायचं, मग पगाराच्या स्लिपवर ओटीचा (ओव्हरटाइमचा) रकाना कोरा का? साहेब हसले. "अरे, आपण फॅमिली आहोत. घरात कुणी ओटी मागतं का?" पुढच्या अप्रेझलला ऑडिट, रिजेक्शन, सगळीकडे चांगले मार्क आणि खाली एक ओळ, 'टीम स्पिरिट कमी'. इन्क्रिमेंट नावापुरतं.

हिंजवडीच्या आयटीतले आमचे साडू अजून ऐकवतात, "तुला बोलायची खाज. एचआरला रीतसर मेल टाकायचा." हे कोण सांगतंय, तर रविवारी रात्री रिलीजच्या कॉलवर बसून त्याला 'फ्लेक्झी' म्हणणारा माणूस.

तुमचं म्हणाल तर शिफ्ट सुटताना गेटसमोरच्या टपरीवर उभे राहा. कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना विचारा, सुट्टीच्या दिवशी पंच होतो का, ओटी स्लिपवर येते का. ट्रेनींना विचारू नका, ते कन्फर्म व्हायची वाट बघत असतात. जिथे 'फॅमिली' हा शब्द जास्त ऐकू येतो तिथे जाऊ नका.

हां, चाकणला मोठ्या, युनियनवाल्या कंपन्याही आहेत, तिथलं गणित वेगळं. आणि पार्टवाचून वाहन कंपनीची लाईन थांबली की व्हेंडरच्या नावावर डेबिट नोट फाटते, म्हणजे त्याचे पैसे कापले जातात, हेही खरं. प्लांट हेडवर दबाव असतोच. पण तो भरून काढायला आमचाच गुरुवार का?

हे उत्तर साडूंना पाठवतोय. ती पेन्सिलची वही रोज संध्याकाळी एचआरच्याच कपाटात जायची. मेल तिलाच टाकायचा होता ना?